परदेशातली संध्याकाळ बिघडली तर
कोपरगावहून शिकायला गेलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

कोपरगाव स्टेशनवर रात्री उशिरा उतरणाऱ्या मुलाला घरी कसं पोचायचं याची फारशी काळजी नसते. स्टेशन गावापासून लांब आहे, त्या वेळी रिक्षा मिळेलच असं नाही, तरी एक फोन केला की चुलतभाऊ नाहीतर मित्र मोटरसायकल घेऊन येतो. खिशात पैसे नसले तरी अडत नाही. फोन बंद पडला तर चहाच्या टपरीवर वडिलांच्या ओळखीचं कुणीतरी निघतंच. शिर्डीहून, येवल्याहून, नगर-मनमाड रस्त्याने रात्री-अपरात्री परतणारी आपली मुलं या ओळखीच्या भरवशावर वाढलेली असतात.

हीच मुलं पुढे डॉर्टमुंडला, लेस्टरला, डॅलसला शिकायला जातात. संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झालं, काकडीचा शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये. आता परदेशी शिक्षणाची चर्चा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरही होते. जाण्याआधी इंग्रजीची परीक्षा, कर्ज, व्हिसा, विमा, थंडीचे कपडे, डब्यातलं लोणचं या सगळ्याची महिनोन्‌महिने तयारी होते. पण मित्रांबरोबर शनिवारी संध्याकाळी बाहेर पडलो आणि काहीतरी बिघडलं, तर काय करायचं, हे त्या तयारीत नसतं.

या लेखाचं सांगणं थोडक्यात असं: गावात जी मदत आपोआप मिळते, ती परदेशात आधीपासून उभी करून ठेवावी लागते; आणि बिघडलंच तर लवकर सांगावं लागतं. वडिलांनी जमीन तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं, म्हणून मुलं अडचण लपवतात. 'सकाळपर्यंत बघू' म्हणत काढलेल्या त्या चार-सहा तासांत साध्या अडचणीची मोठी होते. म्हणून हा लेख मुलांनी वाचावा तसा घरच्यांनीही वाचावा.

बाहेर पडण्याआधी

सगळ्यात आधी परतीचा रस्ता बघा, मग जायचा. आपल्याकडे एसटी चुकली तर काळी-पिवळी मिळते. युरोपातल्या लहान शहरांत शेवटची गाडी गेली की पहाटेपर्यंत काही नसतं आणि टॅक्सीला आठवड्याच्या किराण्याएवढे पैसे जातात. शहरागणिक वेळापत्रक वेगळं. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते. लंडनमध्ये २०१६ पासून शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर ट्यूब आहे, पण ती ठरावीक मार्गांवरच. बाकी रात्रींना नाइट बसवर भिस्त ठेवावी लागते. बर्लिनची मेट्रोही आठवडाअखेरीलाच रात्रभर धावते. टोकियोत शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास संपतात. शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्या आणि निघायचं ठरवा ते तिच्या आधीच्या गाडीने.

वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं, हेही लक्षात असू द्या. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. हा बदल शनिवारी मध्यरात्रीनंतर होतो, म्हणजे नेमका तुम्ही बाहेर असताना. त्या रात्री परतीच्या गाडीची वेळ पुन्हा एकदा तपासा.

फोनवर सगळं आहे या भरवशावर राहू नका. वहीचा एक कागद घ्या आणि त्यावर हाताने लिहा: राहत्या जागेचा पूर्ण पत्ता, त्या शहरातल्या दोन माणसांचे नंबर, घरचा नंबर देशाच्या संकेतांकासह, भारतीय दूतावासाचा चोवीस तासांचा आपत्कालीन नंबर, विमा पॉलिसीचा क्रमांक, आणि बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर. हा शेवटचा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो. कार्ड हरवलं की तोही जातो. कागद पाकिटात ठेवू नका, आतल्या खिशात ठेवा.

दोन कार्डं असतील तर एक खोलीवर ठेवा. थोडी रोकड वेगळ्या खिशात ठेवा, टॅक्सीपुरती. मूळ पासपोर्ट कपाटात राहू द्या, पण त्या देशाचा ओळखपत्राबद्दलचा नियम माहीत करून घ्या. जपानमध्ये परदेशी रहिवाशाने निवासाचं कार्ड सतत जवळ ठेवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवावा असा कायदा आहे. त्यासाठी आय-९४ या प्रवेशनोंदीची छापील प्रत जवळ असू द्या.

किल्लीचं विसरू नका. जर्मनीत बहुतेक घरांचं दार मागे ओढलं की बाहेरून उघडत नाही, मग कुलूप लावलेलं असो वा नसो. किल्ली आत राहिली तर रात्रीचा कुलूपवाला बोलवावा लागतो. रात्रीचा आणि सुट्टीच्या दिवसाचा जादा दर, वर अडलेल्या माणसाकडून वाटेल ते पैसे घेणारेही असतात. दुसरी किल्ली पहिल्याच आठवड्यात विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. तो शेजारच्या इमारतीत राहणारा असावा, तुमच्याच खोलीतला नको.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. कुठे चाललोय, कुणाबरोबर, कधी परतणार, एवढं त्या शहरातल्या एका माणसाला कळवा. व्हॉट्सॲपवर आठ तासांपर्यंत चालू ठिकाण दाखवता येतं, ते त्याला पाठवा. 'बारापर्यंत माझा निरोप आला नाही तर फोन कर' असं सांगण्यात कमीपणा नाही.

हे नंबर पाठ करा

युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ११२. जर्मनीत पोलिसांना ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाला ११२. ब्रिटनमध्ये ९९९, आयर्लंडमध्ये ९९९ किंवा ११२. अमेरिका आणि कॅनडात ९११. ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. न्यूझीलंडमध्ये १११. जपानमध्ये पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९. संयुक्त अरब अमिरातीत पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८. सिंगापुरात पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५.

जीवावरचं नाही पण डॉक्टर हवा, अशा वेळी ब्रिटनमध्ये १११ आणि जर्मनीत ११६११७ लावा. फोन लागला की आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते. ठिकाण कळलं तर कॉल मध्येच तुटला तरी मदत निघू शकते. रस्त्याचं नाव माहीत नसेल तर दुकानाची पाटी, बसथांब्याचं नाव वाचून दाखवा. भाषा येत नसेल तर सावकाश इंग्रजी बोला. बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं.

बाहेर असताना

सोबत गेलेल्यांनी सोबतच परतायचं, हा नियम निघतानाच बोलून घ्या. 'मी थांबतो, तुम्ही जा' असं कुणी म्हणालं तर त्याच्यासोबत आणखी एकाने थांबावं. नवीन ओळखीच्या माणसाने 'एक छान जागा दाखवतो' म्हणून ओढून नेलं तर जाऊ नका. अनोळखी व्यक्तीने बारमध्ये नेऊन शेवटी शेकडो युरोंचं बिल समोर ठेवायचं आणि दारात धटिंगण उभे करायचे, ही फसवणूक युरोपातल्या पर्यटन शहरांत जुनी आहे. दरपत्रक न दाखवणाऱ्या ठिकाणी काहीही मागवू नका.

दारू घ्यावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. घेणार असाल तर त्या देशाचा कायदा आधी वाचा. अमेरिकेत किमान वय २१ आहे आणि पदवीच्या वर्गातली बरीच मुलं त्याखालची असतात. सिंगापुरात रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागेत मद्यपानाला बंदी आहे. गाडी चालवण्याची मर्यादा तर अगदी कमी असते. जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलला कारवाई सुरू होते. जर्मनीत २१ वर्षांखालच्यांना आणि नवीन परवानाधारकांना शून्य. जर्मनीत रस्त्याकडेला भाड्याने मिळणाऱ्या ई-स्कूटरलाही मोटारीचीच मर्यादा लागू आहे, आणि हे कळायला अनेकांना दंड भरावा लागतो. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून, खटला उभा राहण्याआधीच, व्हिसा रद्द होऊ शकतो. एका रात्रीत दोन वर्षांची फी आणि घरचं तारण पणाला लागतं.

गांजाबद्दल मुलांचा मोठा गैरसमज असतो. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना ठरावीक मर्यादेत तो जवळ बाळगता येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दुकानात मिळतो. पण अमेरिकेच्या संघीय कायद्यात तो अजूनही गुन्हा आहे आणि इमिग्रेशन संघीय कायद्यावर चालतं. स्थानिक मित्राला चालतं ते विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला चालत नाही. सिंगापूर आणि आखाती देशांत तर दुसऱ्याची पिशवी हातात धरण्याआधीही विचार करा.

पेला नजरेआड करू नका. टेबलावर सोडून गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवीन घ्या. थोड्याशा पिण्याने अचानक जास्त चढल्यासारखं, जीभ जड झाल्यासारखं, पाय लटपटल्यासारखं वाटलं तर लगेच सोबत्याला आणि तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. कुणी त्रास देत असेल आणि उघड बोलता येत नसेल, तर ब्रिटनमधल्या अनेक बारमध्ये काउंटरवर 'अँजेला आहे का?' असं विचारतात. ही पद्धत २०१६ मध्ये लिंकनशरमध्ये सुरू झाली. जर्मनीत त्याच वर्षी म्युन्स्टरमध्ये 'लुईसा इथे आहे का?' हा तसाच प्रश्न सुरू झाला. प्रश्न ऐकला की कर्मचारी जास्त न विचारता तुम्हाला बाजूला नेतात आणि टॅक्सी किंवा पोलीस बोलवतात. मुलींनी हे लक्षात ठेवावं, मुलांनीही.

बंद जागेत शिरताच बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवा. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले आणि धुराने गुदमरले. धूर दिसला की सामान सोडा आणि बाहेरच्या दिशेने निघा. गर्दीबद्दलही तसंच. सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री अरुंद उताराच्या गल्लीत माणसं दाटली आणि दीडशेहून अधिक जीव गेले, त्यात परदेशी तरुणही होते. चारी बाजूंनी खांदे लागायला लागले की तिथून निघायची वेळ झाली असं समजा. अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखा, लोटणाऱ्या गर्दीच्या उलट जोर लावू नका, लोट थांबला की तिरपं सरकत कडेला या. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

बिघडलंच तर

*शेवटची गाडी चुकली.* निर्जन फलाटावर बसून राहू नका. उजेडाच्या, माणसं असलेल्या जागी जा: मोठं स्टेशन, चोवीस तास उघडं दुकान, हॉटेलची लॉबी, रुग्णालयाचं प्रतीक्षालय. थंडीच्या देशात हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या पौषातल्या थंडीवरून उणे दहाचा अंदाज येत नाही. दारूने अंग गरम वाटतं, पण शरीरातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते. अशा अवस्थेत बाकावर डोळा लागला तर जाग येईलच असं नाही. टॅक्सी ॲपवरून घेतली असेल तर गाडीचा नंबर जुळवा आणि चालकालाच विचारा, 'कुणाला न्यायला आलात?' तुमचं नाव त्याने सांगायला हवं, तुम्ही नाही. लंडनमध्ये रस्त्यावर हात करून फक्त काळी टॅक्सी घेता येते. बाकी गाड्या आधी नोंदवाव्या लागतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत रात्री खोलीपर्यंत सोडायची मोफत सोय असते, तिचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या.

*फोन किंवा पाकीट गेलं.* लंडनमध्ये सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावतात. पॅरिस, रोम, बार्सिलोनात खिसे कापतात. चोरामागे धावू नका. सोबत्याच्या फोनवरून आधी कार्डं बंद करा. ब्रिटनमध्ये बहुतेक बँकांशी १५९ वरून बोलता येतं, जर्मनीत कार्ड बंद करायला ११६ ११६ आहे. भारतीय बँकेचं कार्ड असेल तर बँकेचा परदेशातून लागणारा नंबर लावा. मग फोन दुरून कुलूपबंद करा. त्यानंतर घरी कळवा, कारण भारतीय सिम कोपरगावातून कंपनीला सांगून बंद करता येतं, आणि तुमच्या नंबरवरून कुणी पैसे मागितले तर घरचे सावध राहतात. शेवटी पोलिसांत तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. त्याशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही.

*पासपोर्ट हरवला.* आधी नीट शोधा. गेलात त्या प्रत्येक ठिकाणी विचारा. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो आणि नंतर सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. खरंच गेला असेल तर पोलिसांचा दाखला घेऊन तुमच्या भागाच्या भारतीय वकिलातीकडे अर्ज करा. तुमचा भाग कुणाकडे येतो हे आधीच बघून ठेवा: डॉर्टमुंडचं काम फ्रँकफर्टच्या वकिलातीकडे असतं, डॅलसचं ह्यूस्टनच्या. तातडीने भारतात परतायचं असेल तर एका प्रवासापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. तिथेच राहून शिकायचं असेल तर नवा पासपोर्ट घ्या आणि व्हिसा किंवा निवास परवाना देणाऱ्या कार्यालयालाही कळवा. ब्रिटनमध्ये व्हिसा आता डिजिटल आहे, त्यामुळे नवा पासपोर्ट क्रमांक व्हिसाच्या ऑनलाइन खात्याला जोडावा लागतो.

*मित्र शुद्धीत नाही.* 'झोपू दे, उतरेल' हे वाक्य धोक्याचं आहे. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा मध्ये दहा सेकंदांहून जास्त थांबत असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील, झोपेत उलटी होत असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीच्या बाजूला, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटं सोडू नका. थंड पाण्याची अंघोळ घालू नका, कॉफी पाजू नका, उलटी काढू नका. 'पोलीस येतील, आपण अडकू' या भीतीने फोन टाळू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आणि विद्यापीठांत मदतीसाठी फोन करणाऱ्याला कारवाईतून सवलत देणारे नियम आहेत.

खर्चाची भीतीही खरी असते, म्हणून विमा आधी वाचा. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो आणि तातडीच्या विभागात उपचार मिळतात. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. अमेरिकेत विम्याविना रुग्णवाहिकेचंच बिल हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतं. म्हणून विम्याचं कार्ड कायम जवळ असू द्या. तरीही जीवाचा प्रश्न असेल तेव्हा बिलाचा विचार नंतर करा. हप्त्यांवर आणि सवलतींवर रुग्णालयाशी पुढे बोलता येतं.

*पोलिसांनी थांबवलं.* हात दिसतील असे ठेवा. पळू नका, हुज्जत घालू नका, पैसे देण्याचा विचारही मनात आणू नका. ओळख विचारली तर खरी सांगा. अटक झाली तर 'मला वकील हवा आणि भारतीय वकिलातीला कळवा' ही दोन वाक्यं बोला. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या छत्तिसाव्या कलमाने परदेशी नागरिकाला हा हक्क दिला आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नका, दुभाषा मागा. वकिलातीकडून काय होईल आणि काय नाही, हेही माहीत हवं: ती तुम्हाला भेटेल, घरी कळवेल, वकिलांची यादी देईल, तुरुंगातून सोडवून आणणं तिच्या हातात नसतं. गरजू माणसाला साहाय्य करण्यासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्याबद्दल विचारता येतं.

*अत्याचार झाला.* दोष तुमचा नाही. कपडे, ठिकाण, वेळ, दारू यांपैकी कशानेही तो तुमचा होत नाही. आधी सुरक्षित जागी जा आणि विश्वासातल्या एका व्यक्तीला बोलवा. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नका. कपडे बदलले तर कागदी पिशवीत ठेवा. रुग्णालयात उपचार, पुरावा नोंदवणं आणि समुपदेशन मिळतं. ब्रिटनमध्ये यासाठी खास केंद्रं आहेत. अमेरिकेत ही तपासणी मोफत होते आणि त्यासाठी पोलिसांत तक्रार करण्याची अट नाही. पेयात काही मिसळल्याची शंका असेल तर रक्त-लघवीची तपासणी लवकर मागा. काही द्रव्यांचा अंश बारा तासांतच शरीरातून नाहीसा होतो.

दुसऱ्या दिवशी

सकाळी बरं वाटलं की प्रकरण मिटवून टाकावंसं वाटतं. तसं करू नका. काय, कुठे, किती वाजता झालं, कोण हजर होतं, हे आठवेल तसं लिहून काढा. तक्रारीचा क्रमांक, रुग्णालयाचे कागद, पावत्या एका जागी ठेवा. विमा कंपनीला मुदतीच्या आत कळवा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सांगा. अशी प्रकरणं त्यांच्याकडे नेहमी येतात, आणि परीक्षा पुढे ढकलण्यापासून वकील शोधण्यापर्यंत त्यांची मदत होते. मन सावरत नसेल तर विद्यापीठाचे समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जाण्याला कमीपणा समजू नका.

घरच्यांनी काय करायचं

एक गोष्ट कोपरगावच्या आईवडिलांनी ध्यानात घ्यावी: मुलांची रात्र बिघडते तेव्हा आपलं घर बहुतेक वेळा जागं असतं. हिवाळ्यात जर्मनीत रात्रीचा एक म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, धारा काढायची वेळ. लंडनला एक वाजतो तेव्हा इथे सकाळचे साडेसहा. न्यूयॉर्कला एक तेव्हा इथे साडेअकरा. मेलबर्नला त्यांच्या उन्हाळ्यात रात्रीचा एक वाजतो तेव्हा इथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. तेव्हा मुलाला स्पष्ट सांगून ठेवा, 'कितीही वाजता फोन कर, आधी ऐकून घेईन, रागावणं नंतर.' आणि खरोखर तसंच वागा. पहिल्या फोनवर ओरडा बसला तर दुसरा फोन येत नाही.

फोन आला की क्रमाने विचारा. कुठे आहेस? लागलंय का? सोबत कोण आहे? फोन किती चार्ज आहे? मग आता लगेच काय करणार ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि पुन्हा किती वाजता बोलायचं ते ठरवा. 'तिथे कशाला गेला होतास?' हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. गावातल्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकू नका. मुलीचं प्रकरण असेल तर अजिबात नको.

घरात एक फाइल तयार ठेवा: पासपोर्ट, व्हिसा, विमा, प्रवेशपत्र यांच्या प्रती, राहत्या पत्त्याचा कागद, खोलीतल्या दोन मित्रांचे आणि विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचे नंबर. तिथल्या स्थानिक पोलीस ठाण्याचा पूर्ण नंबरही लिहून ठेवा, कारण कोपरगावातून ९११ लागत नाही आणि ११२ लावला तर महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षाला लागतो. मुलाचा ठावठिकाणा लागत नसेल तर त्या ठाण्याला फोन करून 'घरी जाऊन बघून या' अशी विनंती करता येते. ब्रिटन-अमेरिकेत पोलीस ती ऐकतात. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे तक्रार नोंदवली की तिचा पाठपुरावा करता येतो.

भामट्यांपासून जपा. 'तुमचा मुलगा परदेशात पकडला गेलाय, सोडवायला आत्ता पैसे टाका' असे फोन येतात, मागे रडण्याचा आवाज ऐकवतात, आणि आता आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. घरातल्यांनाच माहीत असलेला एक परवलीचा शब्द ठरवा. फोन ठेवा, मुलाच्या नेहमीच्या नंबरवर किंवा त्याच्या मित्राला स्वतः लावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

ओळख आधी जोडा

परदेशात ओळखीचं जाळं नसतं, असं नाही. ते आपण जाऊन जोडावं लागतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं, आणि जर्मनी, ऑस्ट्रेलिया, आखातातल्या शहरांतही मराठी मंडळं आहेत. गेल्यावर पहिल्याच गणपतीला किंवा दिवाळीला तिथे जा. भाषण-नाटकापेक्षा एक काम महत्त्वाचं: त्या शहरात बरीच वर्षं राहिलेल्या दोन कुटुंबांशी ओळख करा आणि 'कधी अडचण आली तर रात्री फोन केला तर चालेल का?' असं सरळ विचारा. बहुतेक जण 'हो' म्हणतात, कारण ते स्वतःही कधीतरी एकटे आलेले असतात. शेजाऱ्यांची, वर्गातल्या स्थानिक मुलांची ओळखही तितकीच उपयोगी. रस्ता, भाषा आणि कायदा त्यांना जास्त माहीत असतो.

ज्यांच्या घरचं मूल या वर्षी निघणार आहे, त्यांनी या रविवारी एकत्र बसून चार कामं संपवावीत: नंबरांचा कागद लिहिणं, विम्याची पॉलिसी मोठ्याने वाचणं, परवलीचा शब्द ठरवणं, आणि 'आधी ऐकून घेईन' हे वचन देणं. ज्यांचं मूल आधीच गेलंय त्यांनी हेच आजच्या व्हिडिओ कॉलवर करावं. मुलांनी बाहेर जावं, फिरावं, नवी माणसं जोडावीत. त्यासाठीच तर इतक्या लांब पाठवलंय. एखादी संध्याकाळ बिघडेलही. त्या वेळी काय करायचं आणि कुणाला सांगायचं हे माहीत असलेलं मूल सोमवारी वर्गात परत बसलेलं असतं.